एकच हूडी, दोन रंग: १४ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर मी एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या आणि एकाच कापडाच्या दोन हूडी घेतल्या. एक काळी आणि एक फिकट राखाडी. दोन घेण्यामागे विशेष हेतू नव्हता. एक धुवायला टाकली की दुसरी अंगात घालता यावी, एवढाच हिशेब होता. १४ महिने त्या आलटून पालटून वापरल्या, प्रत्येक हूडी ४० एक वेळा धुतली गेली, आणि आता त्यांच्याविषयी ठामपणे काही सांगण्याइतका अनुभव गाठीशी आहे. कापड, शिवण, बेत आणि टिकाऊपणा यांवर परीक्षण लिहायचे, हे मी घेतानाच ठरवले होते आणि त्यासाठी मापेही त्याच दिवशी टिपून ठेवली होती. परंतु वापरता वापरता अशी एक गोष्ट समोर आली, जी मोजपट्टीने मोजता येत नाही: एकाच ताग्यातून बेतलेल्या वाटाव्यात अशा या दोन कपड्यांना लोकांकडून एकसारखी वागणूक मिळाली नाही. ती बाजू वगळली तर परीक्षण अपुरे राहील, म्हणून कापडाइतकीच जागा मी तिलाही देणार आहे.

आधी कापड. लेबलवर वजन ४०० जीएसएम दिले आहे, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे वजन ४०० ग्रॅम. नेहमीच्या टी-शर्टचे कापड साधारण १५० ते २०० जीएसएमचे असते आणि ३०० च्या आसपासची हूडी मध्यम वजनाची समजली जाते, हे लक्षात घेतले तर ही हूडी जड वर्गात मोडते. ती खुर्चीच्या पाठीवर टाकली तरी आकार सोडत नाही, खांद्यावर बसते तेव्हा तिचा भार जाणवतो, आणि मला तो भार आवडतो. मिश्रण ८० टक्के सूत आणि २० टक्के पॉलिएस्टरचे आहे. आतल्या बाजूचे सुताचे फासे ब्रशने खरवडून मऊ लव काढलेली आहे. या लवेत हवा अडकून राहते आणि ऊब त्या हवेमुळे मिळते. फासे न खरवडता तसेच ठेवलेल्या कापडाला फ्रेंच टेरी म्हणतात. ते घाम अधिक चांगला टिपते, अंगाला हलके लागते आणि हिवाळा सरल्यावरही चालते. ज्यांना वर्षातील बरेच महिने हूडी वापरायची आहे, त्यांनी खरवडलेल्या कापडाऐवजी टेरीच घ्यावी, असे मी सुचवीन. खरवडलेल्या कापडाचा आणखी एक त्रास म्हणजे पहिल्या चार-पाच धुण्यांपर्यंत त्याची लव आतल्या टी-शर्टला चिकटत राहते. काळ्या हूडीखाली मी पांढरा टी-शर्ट घातला की संध्याकाळी तो राखेत लोळवून काढल्यासारखा दिसे. सहाव्या धुण्यानंतर हा त्रास थांबला.

गोळे धरण्याच्या बाबतीत कापड बरे ठरले, उत्तम मात्र नाही. काखेखाली, बाहीच्या आतल्या बाजूला आणि पोटाजवळ, म्हणजे जिथे जिथे कापड कापडावर किंवा पिशवीच्या पट्ट्यावर घासते, तिथे तिसऱ्या महिन्यापासून बारीक गोळे दिसू लागले. शुद्ध सुतावर आलेले गोळे कालांतराने आपोआप गळून पडतात. पॉलिएस्टरचे तंतू चिवट असल्यामुळे ते गोळ्यांना धरून ठेवतात. त्यामुळे २० टक्के पॉलिएस्टरने कापडाला ताकद दिली खरी, पण दर दोन महिन्यांनी गोळे काढण्याचे कामही मागे लावले.

धुतल्यावर आटण्याची तक्रार मात्र मी थोडी जोराने नोंदवणार आहे. नवी असताना खांद्यापासून खालच्या काठापर्यंत लांबी ७० सेंटीमीटर होती. थंड पाण्यात, उलटी करून धुऊन आणि सावलीत वाळवूनही पाचव्या धुण्यानंतर ती ६७.५ सेंटीमीटर भरली. रुंदीत मात्र अर्ध्या सेंटीमीटरचाच फरक पडला. होजिअरीचे कापड यंत्रावर विणताना लांबीच्या दिशेने ताणले जाते आणि पाण्यात तो ताण सुटला की ते पूर्वपदावर येऊ पाहते, म्हणून असे होते. या दोषावर उपाय नाही असेही नाही. अमेरिकेतील रॉचेस्टरच्या चॅम्पियन या कंपनीने कापड उभे न लावता आडवे लावण्याची आणि दोन्ही कुशींना ताणणाऱ्या रिबच्या पट्ट्या जोडण्याची पद्धत काढली. तिचे पेटंट त्यांना १९५२ मध्ये मिळाले आणि आजही ती रिव्हर्स वीव्ह या नावाने ओळखली जाते. म्हणजे इतक्या जुन्या आणि सर्वांना ठाऊक असलेल्या अडचणीवर इतका जुना उपाय असताना, २०२० नंतरच्या काळात जड कापडाची म्हणून मिरवणारी हूडी लांबीत अडीच सेंटीमीटर आटते, आणि मापांच्या तक्त्यात या आटण्याचा उल्लेखही नसतो. उंच माणसाला हा फरक फार जाणवतो, कारण हात वर केला की कंबर उघडी पडते.

शिवण बहुतांशी चांगली आहे. खांद्याच्या आणि बाहीच्या शिवणी सपाट असल्याने पाठीवर सॅक घेतली तरी त्या टोचत नाहीत. मनगटाच्या आणि खालच्या रिबमध्ये थोडे इलास्टेन, म्हणजे ताणला जाणारा कृत्रिम धागा आहे, त्यामुळे बाही कोपरापर्यंत सरकवली तरी ती सैल पडून लोंबत नाही. कमकुवत जागा एकच, पण नेमकी सर्वांत जास्त ताण येणारी: पोटावरच्या जोडखिशाचे वरचे कोपरे. हात खिशात घालताना प्रत्येक वेळी या कोपऱ्यावर ओढ बसते, म्हणून तिथे दाट आडवे टाके घालून जागा पक्की करायची असते. काळ्या हूडीच्या उजव्या कोपऱ्यात ते टाके होते, डाव्या कोपऱ्यात नव्हते. पाचव्या महिन्यात डावा कोपरा उसवला. मी छायाचित्रांसह कंपनीला कळवले, तेव्हा खिसा ही वापराने झिजणारी जागा असल्याने ती हमीत बसत नाही असे उत्तर आले. राखाडी हूडीचे दोन्ही कोपरे पक्के आहेत आणि ते आजवर शाबूत आहेत. तेव्हा ही झीज वापराची नसून एक टाका राहून गेल्याची आहे, हे मी पुन्हा लिहून पाठवले. त्याला उत्तर आले नाही.

आता टोपी, कारण हूडीला हूडी करणारी गोष्ट तीच. इथे ती दुहेरी कापडाची आहे आणि त्यामुळे मागे टाकलेली असताना तिचा उभार सुंदर दिसतो. एकेरी कापडाची टोपी पाठीवर मरगळून पडते तसे होत नाही. परंतु दुहेरी टोपीचे वजन गळ्याला मागे खेचते आणि दिवसातून दहा वेळा समोरचा गळा ओढून सरळ करावा लागतो. डोक्यावर घेतली की ती कपाळावर दोन बोटे खाली उतरते आणि दोन्ही बाजूंचे दिसणे चांगलेच कमी होते. कानांवर दोन पदरी कापड आल्याने मागून येणाऱ्या वाहनाचा आवाजही दबतो. रस्ता ओलांडताना मी आता टोपी न चुकता मागे टाकतो. नाड्या गोल विणीच्या आहेत, त्यांची टोके धातूची आहेत आणि धुण्याच्या यंत्रात ती खणखणतात. धुण्यापूर्वी दोन्ही नाड्यांची एक सैल गाठ मारावी, म्हणजे एक टोक आत सरकून जात नाही.

बेत सैल आहे. खांद्याची शिवण हाडावर न राहता दंडावर चार बोटे खाली येते, छातीशी भरपूर मोकळीक आहे आणि बाही मनगटावर गोळा होते. गेल्या दशकभरात पुरुषांच्या रस्त्यावरच्या पेहरावात चुस्त जीन्स मागे पडत गेली आणि रुंद पायांच्या पँट, ढगळ टी-शर्ट, उतरत्या खांद्यांच्या हूडी यांनी तिची जागा घेतली, त्याच ओघातला हा बेत आहे. या ओघामागे आरामाचा भाग मोठा आहे. ज्यांचे पोट थोडे सुटलेले आहे, ज्यांचे खांदे अरुंद आहेत, ज्यांना चुस्त कपड्यांत आपले शरीर सतत तपासले जात असल्यासारखे वाटत आले, अशा कितीतरी पुरुषांना या सैलपणाने मोकळा श्वास दिला. मीही त्यांच्यातलाच एक. मात्र नेहमीचे माप घेऊन त्यावर आणखी एक माप मोठे घेण्याची गरज नाही, कारण सैलपणा बेतातच धरलेला आहे; एक माप मोठे घेतले की हूडी अंगावर न बसता अंगावरून ओघळते.

सैल कपड्यांकडे पाहण्याची एक जुनी नजर आहे आणि ती मला इथे टाळता येत नाही. सैल म्हणजे गबाळा, गबाळा म्हणजे बेशिस्त, आणि बेशिस्त म्हणजे कशावर विश्वास ठेवता न येणारा, अशी ती साखळी आपसूक जुळते. १९४० च्या सुमारास अमेरिकेत रुंद खांद्यांचे, लांब कोटाचे आणि घोळदार पँटचे झूट सूट तरुणांमध्ये लोकप्रिय होते. युद्धामुळे १९४२ मध्ये लोकरीच्या वापरावर सरकारी बंधने आली आणि एवढे कापड अंगावर घेणे हेच देशद्रोहाचे लक्षण मानले जाऊ लागले. जून १९४३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये खलाशांच्या टोळक्यांनी मेक्सिकन वंशाच्या मुलांना रस्त्यात गाठून मारहाण केली आणि त्यांच्या अंगावरचे सूट फाडले. फ्लॉरिडातील ओपा-लोका शहराने २००७ मध्ये कमरेखाली घसरलेल्या पँटवर बंदी घातली आणि ती मागे घ्यायला २०२० उजाडले. कापड जास्त झाले तरी गुन्हा, पँट खाली आली तरी गुन्हा. आणि दोन्ही वेळा ज्यांच्यावर बडगा उगारला गेला ते तरुण मुख्यत्वे अल्पसंख्य समाजांतले होते, हे विसरून चालणार नाही.

आता माझ्या दोन हूडींकडे येतो. पहिले दोन महिने मला काहीच जाणवले नाही. नंतर एका मोठ्या दुकानात काळी हूडी घालून फिरत असताना लक्षात आले की पहारेकरी माझ्यापासून एक फळी अंतर ठेवून सोबत चालतो आहे. मी थांबलो की तो थांबे आणि शेजारच्या डब्यांची नावे वाचू लागे. त्या वेळी मी ते मनावर घेतले नाही. परंतु पुढच्या वेळी राखाडी हूडी घालून त्याच दुकानात गेलो तेव्हा तोच पहारेकरी मला पाहून हसला आणि त्याने टोपली पुढे केली. त्यानंतर मी जाणीवपूर्वक लक्ष ठेवू लागलो. माणूस तोच, दाढी तीच, बूट तेच, टोपी दोन्ही वेळा पाठीवर टाकलेली. बदलत होता तो फक्त रंग. राखाडी हूडीत मी व्यायामाहून परतणारा माणूस दिसत असे, आणि काळ्या हूडीत, विशेषतः दिवस मावळल्यावर, लिफ्टमध्ये शिरलो की आत असलेली व्यक्ती पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत असे. प्रत्येक वेळी तसे झाले असे मी म्हणणार नाही, आणि एका माणसाच्या अनुभवातून नियम काढता येत नाही याचीही मला कल्पना आहे. पण एकाच कापडाच्या दोन हूडी १४ महिने घातल्यावर जे दिसले ते असे आहे.

एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो. एका कार्यालयात मला ठरलेल्या वेळी भेटीला जायचे होते. सोबत नकाशांची लांब नळी होती आणि अंगात काळी हूडी होती. स्वागतकक्षातल्या बाईंनी वर न पाहताच सांगितले, "पार्सल तिकडे ठेवा, सही बाहेरच्या वहीवर." मी नाव सांगितले, भेटीची वेळ सांगितली, त्यांनी वर पाहिले, क्षणभर गोंधळल्या आणि मग अतिशय आर्जवाने क्षमा मागितली. खुर्ची आली, पाणी आले. मला राग आला नाही, कारण त्यांच्या दारात दिवसभर हूडी घातलेली माणसे पार्सल घेऊनच येत असणार. मनाला लागले ते वेगळेच. मी जर खरोखर पार्सल घेऊन आलो असतो, तर ती खुर्ची आणि ते पाणी आले नसते. जिन्यापाशी एक मुलगा हातातल्या खोक्यांचा ढीग सांभाळत उभा होता, त्याच्याही अंगात काळी हूडीच होती, आणि मी खुर्चीत बसलेलो असताना तो उभाच होता. मला माझ्या नावाने पाच सेकंदांत त्या कपड्यातून बाहेर काढले; त्याला बाहेर काढणारे नाव नव्हते.

ही पाच सेकंदेदेखील पुष्कळ म्हणायची. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली, ज्यांत चेहऱ्याखाली कपड्यांचा थोडासाच भाग दिसत होता; काही कपडे किंचित अधिक संपन्न वाटणारे, काही किंचित कमी. चेहरे तेच ठेवून कपडे बदलले, तर संपन्न वाटणाऱ्या कपड्यांतला माणूस अधिक कर्तबगार समजला गेला. छायाचित्र सेकंदाच्या जेमतेम आठव्या भागाइतके, म्हणजे १२९ मिलिसेकंद दाखवले तरी हेच घडले, आणि कपड्यांकडे दुर्लक्ष करा असे आधी बजावून सांगितले तरीही हेच घडले. म्हणजे त्या पहारेकऱ्याने किंवा त्या बाईंनी ठरवून काही केले, असे मला म्हणता येत नाही. डोळे आणि ग्रह यांच्यामध्ये विचाराला शिरायला जागाच उरत नाही. विचार करायचा तो नंतर, पहिला ग्रह झाल्यावर, आणि तेवढा करणे मात्र आपल्या हाती असते.

हूडीचा जन्म कामासाठी झाला होता. १९३० च्या दशकात चॅम्पियनने न्यूयॉर्क राज्याच्या थंड उत्तर भागातील गोदामांत काम करणाऱ्या मजुरांसाठी जाड स्वेटशर्टला टोपी जोडली. डोके आणि मान गारठू नये, एवढाच हेतू होता. मग ती खेळाडूंनी सरावात आणि सरावानंतर घालायला घेतली, १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हिप-हॉपच्या नाचणाऱ्या आणि भिंती रंगवणाऱ्या तरुणांनी स्वीकारली, स्केटबोर्ड खेळणाऱ्यांनी आपलीशी केली. १९९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्केटबोर्डचे दुकान म्हणून सुरू झालेल्या सुप्रीमबरोबर २०१७ मध्ये लुई व्हितॉन या महागड्या फ्रेंच कंपनीने एकत्र कपडे काढले, तेव्हा हीच हूडी पॅरिसच्या मंचावर पोहोचली. इतक्या प्रकारच्या माणसांनी, इतक्या वेगवेगळ्या कारणांनी घातलेला हा कपडा; त्याचा एकच अर्थ लावायचा तर बाकीच्या सगळ्या माणसांना पुसून टाकावे लागते.

आणि तसे पुसले गेलेही. मे २००५ मध्ये इंग्लंडमधील केंट परगण्यातील ब्लूवॉटर या मोठ्या खरेदी संकुलाने टोपी वर घेतलेल्या हूडी आणि बेसबॉल कॅप घालून येणाऱ्यांना मज्जाव केला, त्याच वेळी त्या संकुलातील दुकानांत हूडी विकायला टांगलेल्या होत्या. पुढच्याच वर्षी ब्रिटनचे तेव्हाचे विरोधी पक्षनेते डेव्हिड कॅमेरून यांनी एका भाषणात वेगळी बाजू मांडली: कित्येक मुलांसाठी ही टोपी हल्ल्याची नसून बचावाची असते, रस्त्यावर कुणाच्या नजरेत न भरता निघून जाण्याची ती एक सोय असते. त्यांची त्या वेळी पुष्कळ थट्टा झाली, पण मला ते निरीक्षण नेमके वाटते, कारण थंडी नसतानाही मी टोपी डोक्यावर घेतली ती बहुतेक वेळा कुणी पाहू नये असे वाटत असतानाच.

२६ फेब्रुवारी २०१२ रोजी फ्लॉरिडातील सॅनफर्ड येथे ट्रेव्हॉन मार्टिन हा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा दुकानातून परतत असताना गोळी लागून मेला. त्याच्या अंगात हूडी होती. तो नि:शस्त्र होता. त्यानंतर दूरचित्रवाणीवर त्याच्या मृत्यूला गोळी झाडणाऱ्याइतकीच हूडीही कारणीभूत असल्याचे बोलले गेले, आणि त्याला उत्तर म्हणून हजारो लोक हूडी घालून न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उतरले. २८ मार्चला अमेरिकी काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे सदस्य बॉबी रश यांनी सभागृहात बोलता बोलता कोट काढला आणि आतल्या हूडीची टोपी डोक्यावर घेतली. सभागृहात टोपी चालत नाही या नियमावर बोट ठेवून त्यांना बाहेर नेण्यात आले. त्याच वर्षी मे महिन्यात मार्क झुकेरबर्ग आपल्या फेसबुक कंपनीच्या समभागविक्रीपूर्वी गुंतवणूकदारांना भेटायला हूडी घालूनच गेले. त्यांच्यावरही टीका झाली, पण ती काय होती? ते पोक्त वाटत नाहीत, एवढीच. दोन-अडीच महिन्यांच्या आत तोच कपडा एका मुलाच्या अंगावर धोक्याची खूण ठरला आणि एका उद्योजकाच्या अंगावर पोरकटपणाची. कपड्याने इथे काहीच सांगितले नाही. पाहणाऱ्यांच्या मनात आधीच जे होते तेच त्यांनी त्यावर वाचले.

म्हणूनच विक्रेत्याविषयीची माझी सर्वांत मोठी तक्रार उसवलेल्या खिशाची नाही. ती काळ्या हूडीच्या जाहिरातीविषयी आहे. संकेतस्थळावर राखाडी हूडी उजेडात, कॉफीच्या पेल्यासह आणि हसऱ्या चेहऱ्याने दाखवली आहे. काळी हूडी घातलेला तरुण मात्र अंधाऱ्या बोळात, टोपी डोळ्यांवर ओढून, जबडा आवळून उभा केला आहे, आणि खालच्या मजकुरात बंडखोरी, निर्भयता, रस्ता अशा शब्दांची पेरणी आहे. म्हणजे ज्या संशयाने पहारेकरी माझ्यामागे चालला, तोच संशय ही कंपनी ऐट म्हणून विकते. छायाचित्र काढून झाल्यावर तो तरुण टोपी मागे टाकून घरी जातो, कंपनीकडे पैसे जमा होतात, आणि त्या प्रतिमेचा भार मात्र जिन्यापाशी खोकी घेऊन उभ्या असलेल्या मुलावर पडतो, ज्याने ही हूडी ऊब मिळावी आणि मळ दिसू नये एवढ्यासाठीच घेतलेली असते. ज्यांच्या पोशाखातून या धंद्याने आपली शैली उचलली, त्यांच्याविषयी एवढी तरी जबाबदारी या धंद्याने घ्यायला हवी. काळी हूडीही उजेडात दाखवता येते.

रंगाच्या टिकाऊपणात, हे मान्य करायला हवे, काळी हूडी माझ्या अपेक्षेपेक्षा सरस ठरली. पहिल्या दोन धुण्यांत थोडा रंग गेला, त्यानंतर नाही. कोपरांपाशी आणि शिवणींच्या कडांवर ती किंचित विटली आहे, पण तो विटकेपणा तिला शोभतो. राखाडी हूडीवर डाग लवकर दिसतात, तेलाचा डाग तर बसतोच, आणि काखेशी घामाची कड पावसाळी दमट हवेत स्पष्ट उमटते. केवळ कपडा म्हणून एकच निवडायची झाली, तर मी काळी निवडीन.

माझा भाचा १६ वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात त्याने कपाटातली काळी हूडी पाहिली आणि म्हणाला, "मामा, ही दे ना मला. राखाडी तू ठेव." माझ्या तोंडावर नकार आला होता. राखाडी घे, ती तुला जास्त शोभेल, असे मी म्हणणार होतो, आणि त्यामागचे खरे कारण मी त्याला सांगणार नव्हतो. मग विचार केला की हे म्हणजे ब्लूवॉटरचाच नियम मी घरात लागू करतो आहे. चूक पाहणाऱ्याची, आणि कपडे बदलायचे पोराने. पण त्याला काहीच न सांगता हूडी हातात देणेही बरोबर वाटेना. म्हणून दुकानातला पहारेकरी, लिफ्टमधली पिशवी आणि स्वागतकक्षातले पार्सल, हे तिन्ही प्रसंग त्याला जसेच्या तसे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मला माहीत आहे की. वर्गात आम्ही सगळे हेच बोलतो." मला १४ महिने लागले ते त्याला आधीच ठाऊक होते. हूडी त्याने घेतली.

देण्यापूर्वी तिचा डावा खिसा शिंप्याकडून पक्का करून घेतला. काळा दोरा त्यांच्याकडे संपला होता, म्हणून गडद निळ्या दोऱ्याने चार आडवे टाके घातले; जवळून पाहिल्याशिवाय ते कळत नाहीत. ज्यांना ही हूडी घ्यायची असेल त्यांनी पहिल्या धुण्यापूर्वीच खिशाचे दोन्ही कोपरे बोटाने चाचपून पाहावेत, लांबीत अडीच सेंटीमीटर कमी धरूनच माप निवडावे आणि उन्हात वाळवू नये. भाच्याच्या अंगावर ती आणखी सैल होते, बाह्या त्याच्या बोटांपर्यंत येतात. जाताना त्याने टोपी डोक्यावर घेतली, कारण बाहेर वारा होता.